जैसलमेरचा चार दिवसांचा बेत

प्रवास करणें सोपें. प्रवासाचा बेत करणें अवघड, आणि तो अकरा माणसांच्या कुटुंबानें मिळून करणें तर फारच अवघड. दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले न लागले तोंच आमच्या माजघरांत राजस्थानचा नकाशा पसरला गेला, आणि पुढचे पंधरा दिवस रात्रींच्या जेवणानंतर त्या नकाशाभोंवतीं जी सभा भरत असे तिचा वृत्तांत कोणी लिहून ठेवला असता, तर तो खुद्द प्रवासवर्णनाहून रंजक झाला असता. मुलांना वाळवंट पाहावयाचें होतें, उंटावर बसावयाचें होतें, तंबूंत निजावयाचें होतें. थोरल्या वहिनींना चार दिवस स्वयंपाकघराचें तोंड पाहावयाचें नव्हतें. धाकट्या बंधूंना जोधपूर, बिकानेर, उदेपूर सर्व एका दमांत हवें होतें. आणि आमच्या आत्याबाई, ज्यांना आतां शहात्तरावें वर्ष चालू आहे व ज्यांनीं तीस वर्षें मुलींच्या शाळेंत संस्कृत शिकविलें, त्यांचें मागणें एकच होतें : जैसलमेरच्या किल्ल्यांतील जैन ग्रंथभांडार पाहावयाचें.

या मागण्याच्या मागें एक कथा आहे, आणि ती आम्हां दक्षिणेंतल्या लोकांस ठाऊक असावी अशी आहे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काश्मीरचा बिल्हण कवि देशोदेशीं हिंडत कल्याणीस आला व चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या पदरीं राहिला. त्या राजाचें चरित्र त्यानें 'विक्रमांकदेवचरित' या महाकाव्यांत वर्णिलें. पुढें कल्याणीचें वैभव गेलें आणि त्या काव्याचीहि आठवण पुसट झाली. १८७४ सालीं मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील पंडित जॉर्ज ब्यूलर हे तरुण हर्मान याकोबींना बरोबर घेऊन जैसलमेरला गेले, तेव्हां तेथल्या भांडारांत त्यांच्या हातीं त्या काव्याची पोथी लागली. दोघांनीं बसून स्वहस्तें तिची नक्कल केली, आणि पुढच्याच वर्षीं तें काव्य मुंबईंत छापून निघालें. दक्षिणेच्या राजाचें चरित्र सातआठशें मैलांवरच्या रेताड प्रदेशांत, परधर्मीयांच्या देवळाखालीं जपून राहावें, ही गोष्ट आत्याबाईंनीं कॉलेजांत असतांना ऐकली होती. तेव्हांपासून जाऊं जाऊं म्हणतां पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं. गुडघ्यांनीं आतां तक्रार मांडली आहे. "या वर्षीं नाहीं तर मग माझ्यासाठीं कोणी नक्कल करून आणा," असें त्या हसत म्हणाल्या. पण त्या हसण्यानें सभेचा निकाल बराचसा लागला. बिकानेर आणि उदेपूर त्याच रात्रीं नकाशावरून पुसलीं गेलीं.

बंधूंची समजूत अंतरांनीं घातली. मुंबईहून जोधपूर एका रात्रीचा आगगाडीचा प्रवास. तेथून जैसलमेर मोटारीनें सुमारें पावणेतीनशें किलोमीटर, म्हणजे थांबत थांबत सारा दिवस. पोकरणापुढें जैसलमेरपर्यंत लोहमार्ग गेला तो १९६५ च्या युद्धानंतर. त्यापूर्वीं तेथें जाणें ही खरोखरीची यात्राच असली पाहिजे. आजहि जैसलमेर हें वाटेवरचें गांव नव्हे. तेथें जावयाचें तर तेथेंच जावयाचें, आणि जाऊन दोन तरी पूर्ण दिवस राहावयाचें. नाहीं तर मोटारीच्या कांचेंतून पिवळे दगड पाहून परत येणें होतें. आम्हीं चार दिवस व तीन रात्री ठरविल्या : दोन रात्री शहरांत व एक वाळूंत.

ऋतूविषयीं दुमत नव्हतें. उन्हाळ्यांत तेथें पारा कित्येकदां ४५ अंशांवर जातो. तेव्हां कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ हाच सुज्ञांचा. वाद झाला तो तिथीवर. वडील मंडळींना वाळवंटांत चांदणें हवें होतें, आणि पोरांना तारे. चांदण्यांत तारे दिसत नाहींत व ताऱ्यांच्या रात्रीं चांदणें नसतें, हें दोन्ही पक्षांना ठाऊक असून कोणी मागें हटेना. शेवटीं वहिनींनीं भिंतीवरचें पंचांग काढलें. संकष्टीच्या चंद्रोदयाची वाट पाहण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांना हा हिशेब कोणीं शिकवावयाचा ? चतुर्थीला चंद्र नऊच्या सुमारास उगवतो, पुढें रोज पाऊणएक तास उशिरा. तेव्हां मार्गशीर्ष वद्य षष्ठीला तंबूंत मुक्काम केला तर साडेदहापर्यंत काळोख व तारे, आणि त्यानंतर चंद्र. मुलांचीं विमानें कोणत्या दिवशीं स्वस्त हें पाहून बेत करणाऱ्या मंडळींना ही युक्ति आम्ही मोफत देतों. वर्षाखेरीची गर्दी सुरू होण्यापूर्वीं ती तिथि येत होती, हा आणखी लाभ.

यानंतर खरा तंटा निघाला, आणि तो लहानसा नव्हता. आमच्या पुतण्यानें कोणास न विचारतां किल्ल्याच्या आंतच, एका बुरुजावरच्या वाड्यांत, तीन खोल्या सांगून ठेवल्या होत्या व आगाऊ रक्कमहि भरली होती. खिडकी उघडली कीं खालीं सारें शहर, असें चित्र त्यानें दाखविलें. मुलें तर नाचूंच लागलीं. मोह पडावा असेंच तें होतें. जैसलमेरचा किल्ला रावळ जैसल या भाटी राजानें ११५६ सालीं त्रिकूट टेकडीवर वसविला. त्याला नव्व्याण्णव बुरूज आहेत, आणि इतर किल्ल्यांप्रमाणें तो ओस पडलेला नाहीं. आजहि आंत काहीं हजार माणसें राहतात, दुकानें चालतात, गाई गल्ल्यांतून फिरतात. परंतु याच वस्तीचें दुखणेंहि किल्ल्याला आहे. ही टेकडी कठीण काळ्या पाषाणाची नव्हे; ठिसूळ दगड व चिकणमाती यांचे थर एकावर एक आहेत. ज्या काळीं पाणी खालच्या तळ्यावरून डोक्यावर घागरी घेऊन वर आणावें लागे त्या काळीं तें कोणी सांडीत नसे. नळ आल्यावर पाण्याचा वापर कितीतरी पटींनीं वाढला, पाहुण्यांचीं स्नानगृहें झालीं, आणि जुन्या गटारांतून झिरपणारें पाणी टेकडीच्या पोटांत मुरूं लागलें. भिंती खचल्या, कांहीं बुरूज ढासळले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेनें धोक्यांतील वास्तूंच्या आपल्या यादींत या किल्ल्याचें नांव घातलें. २०१३ सालीं राजस्थानच्या आणखी पांच डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, गटारांची दुरुस्तीहि झाली. पण प्रश्न मिटला असें कोणी म्हणणार नाहीं.

"आपल्या नऊ जणांच्या आंघोळींनीं किल्ला पडणार आहे का ?" पुतण्यानें विचारलें. प्रश्न अगदींच गैर नव्हता. तेथल्या रहिवाशांचा चरितार्थ पाहुण्यांवर चालतो, आणि आम्हीं नाकारलेल्या खोलींत दुसरें कोणी उतरणारच. आमच्यांतहि दोन तट पडले. आत्याबाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, पोथ्या आहेत त्या खालीं तळघरांत. पाणी वरून खालीं जातें." एवढें बोलून त्या निजावयास गेल्या. सकाळीं पुतण्यानें आपण होऊन पत्र पाठविलें व किल्ल्याबाहेर, तटाच्या पायथ्याशीं, दुसरी जागा पाहिली. आगाऊ रक्कम मात्र परत आली नाहीं. शेवटीं अकरांतले नऊच निघालों. दोघांना कचेरीनें रजा दिली नाहीं.

बरोबर काय न्यावें याची यादी आम्ही देत नाहीं. प्रत्येक घरची गृहिणी ती अधिक चांगली करील. एवढेंच सांगतों कीं, वाळवंट म्हणजे उष्ण ही शाळेंतली समजूत घरीं ठेवून जावें. दिवसा अंगावर सुती कपडा पुरे होतो. सूर्य मावळतांच वाळू आपली ऊब टाकून देते आणि पहाटे हात गोठतात. लोकरीचे मोजे व कानटोपी नसलेला माणूस रात्रभर दुसऱ्याच्या पांघरुणावर डोळा ठेवून असतो. मेतकूट नेलें होतें, तें मात्र तसेंच परत आलें. केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी यांनीं आमच्या मंडळींना पहिल्याच दिवशीं जिंकलें. केर हें झुडुपाचें फळ, सांगरी ही खेजडीची शेंग. जेथें भाजीपाला उगवत नाहीं तेथें रानांतलें वाळवून ठेवून वर्ष काढण्याची ही रीत आमच्या कोंकणच्या बेगमीची बहीणच म्हणावी.

किल्ल्यावर जाण्यास सकाळ राखावी. जैन देवळें बाहेरच्या लोकांस बहुधा दुपारपर्यंतच पाहूं देतात, आणि चामड्याच्या वस्तु बाहेर ठेवाव्या लागतात. आमचे बंधू कमरेच्या पट्ट्यासाठीं अडले आणि पुढचा तासभर एका हातानें विजार सांवरीत शिल्पें पाहत होते. आत्याबाईंना जेथवर रिक्षा जाऊं देतात तेथवर रिक्षानें नेलें, पुढें पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या चालल्या. देवळांतील कोरीव काम पिवळ्या दगडाचें असून लांकडावरचें वाटावें इतकें बारीक आहे. त्याचें वर्णन अनेकांनीं केलें आहे. आम्ही तो मोह टाळतों.

भांडार पंधराव्या शतकांत जिनभद्रसूरींनीं स्थापिलें. परचक्राची भीति ज्यांना होती त्यांनीं ग्रंथ येथें दूरवर, कोरड्या हवेंत, दगडी तळघरांत आणून ठेविले. वाळवी व दमट हवा हे ताडपत्रांचे खरे वैरी, आणि ते दोघेहि या प्रदेशांत दुबळे. ब्यूलरांच्या नंतर १९०४ ते १९०६ या काळांत डॉक्टर भांडारकरांचे चिरंजीव श्रीधरपंत हस्तलिखितांच्या शोधार्थ राजपुतान्यांत हिंडले, आणि १९२३ सालीं येथल्या पोथ्यांची सूची बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापली गेली. आज यात्रेकरूंना दिसतात तीं कांचेखालीं मांडलेलीं थोडींशींच पानें. अरुंद जिना उतरून गेल्यावर एवढेंच का, असें मुलांच्या तोंडावर स्पष्ट दिसलें. बिल्हणाची पोथी तेथें मांडलेली नव्हती. आत्याबाईंनीं चष्मा पुसला, वांकून एका ताडपत्रावरचीं अक्षरें पाहिलीं, आणि हळूहळू, अडखळत, एक ओळ वाचली. मग दुसरी. राखणदार माणूस प्रथम दुरून पाहत होता, तो जवळ आला. मागचीं माणसें खोळंबलीं तरी त्यानें कोणास पुढें ढकललें नाहीं. वर आल्यावर आम्हीं विचारलें, काय होतें ? "कांहीं व्रताविषयीं असावें. अर्थ सगळा लागला नाहीं," त्या म्हणाल्या. "पण अक्षर वाचतां आलें."

दुपारीं पटव्यांच्या पांच हवेल्या पाहिल्या आणि नथमलची हवेली. ही दुसरी १८८५ सालची. हाथी आणि लालू या दोघां भावांनीं तिची एकेक बाजू घडविली म्हणतात, आणि नीट पाहिलें तर डावी व उजवी सारखी दिसूनहि सारखी नाहीं. मुलांनीं तेथें फरक शोधण्याची शर्यत लावली. एवढी संपत्ति या उजाड मुलुखांत आली कोठून, तर उंटांच्या तांड्यांवरच्या व्यापारांतून : सिंधेकडून व त्याहि पलीकडून येणारा माल याच वाटेनें जाई. मग समुद्राचा व्यापार वाढला, मुंबई बंदर भरभराटीस आलें आणि जैसलमेरची वाट सुनी झाली. १९४७ च्या फाळणीनें ती बंदच झाली. मुंबईहून पाहुणे म्हणून आलेल्यांनीं हें लक्षांत घेऊन दुकानदारांशीं घासाघीस जरा बेतानें करावी, असें वहिनींचें मत पडलें. मात्र स्वतः त्यांनीं ओढणीच्या किमतींत निम्म्यानें काटछाट केली.

संध्याकाळ गडीसर तळ्याच्या कांठीं घालविली. चौदाव्या शतकांत रावळ गडसीनें दुरुस्त करून वाढविलेलें हें तळें शेंकडों वर्षें साऱ्या गांवाची तहान भागवीत होतें. आतां त्याला इंदिरा गांधी कालव्याचें पाणी मिळतें. तळ्याच्या वेशीची गोष्ट सांगतात ती अशी कीं, तिलोन नांवाच्या गणिकेनें ती बांधली, आणि राजा ती पाडील या भयानें वर कृष्णाचें देऊळ उभारलें. मग पाडणार कोण?

तिसऱ्या दिवशीं कुलधरा. शहरापासून अठराएक किलोमीटरांवर हें ओस गांव आहे आणि आतां तें 'भुतांचें गांव' म्हणून दाखविलें जातें. त्या भुतांवर आमचा राग आहे. कारण त्यांच्या गोंगाटांत तेथें राहणाऱ्या माणसांची आठवण बुडून गेली. हीं माणसें पालीवाल ब्राह्मण. मूळचीं पाली गांवचीं म्हणून पालीवाल. जैसलमेरच्या आसपास त्यांचीं चौऱ्यांशीं गांवें होतीं असें म्हणतात. वेदपाठापेक्षां त्यांची ख्याति शेतीची व पाण्याची होती, हें आमच्यासारख्या लेखणीवर जगणाऱ्या ब्राह्मणांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे. या मुलुखांत वर्षाकाठीं पाऊस जेमतेम पंधरा-वीस सेंटिमीटर, आणि तोहि दोनचार सरींत पडून जावयाचा. पालीवालांनीं त्यावर गहूं पिकविला. त्यांची युक्ति 'खडीन' या नांवानें ओळखली जाते. खडकाळ उतारावरचें पाणी जेथें सखल जागीं येऊन जमतें तेथें खालच्या अंगास लांबच लांब मातीचा बांध घालावयाचा, आणि जादा पाण्याला एक सांडवा ठेवावयाचा. पावसांत तेथें उथळ तळें होतें. पाणी मुरतें, उडून जातें, आणि बरोबर आलेला गाळ मागें राहतो. जमीन वाफशावर आली कीं त्या ओलीवर गहूं किंवा हरभरा पेरतात. पुढें एक थेंब नाहीं पडला तरी पीक निघतें. मोट नाहीं, विहीर नाहीं, पाट नाहीं. मोठ्या उतारावरचें पाणी लहानशा शेतांत आणून ठेवावयाचें, एवढाच त्यांतला मंत्र. असे खडीन आजहि पिकतात. वाटेंत आम्हीं एक पाहिला. चोहोंकडे करडा खडक आणि मध्यें हिरव्या गव्हाचा चौकोन. आमच्या बंधूंनीं, ज्यांचें घराणें चार पिढ्या कचेरींत गेलें, मोटार थांबवून बांधावर अर्धा तास काढला, आणि परत फिरण्याच्या हांका ऐकूं आल्या नाहींत असें दाखविलें.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं हीं गांवें रिकामीं झालीं. दिवाण सालिमसिंहाची वाईट दृष्टि गांवांतल्या मुलीवर गेली म्हणून सर्वांनीं एका रात्रींत घरें सोडलीं, अशी लोककथा आहे. अभ्यासक करांचा जाच, आटत गेलेलें पाणी, भूकंप अशीं कारणें पुढें करतात. एका रात्रींत असो वा पन्नास वर्षांत, घरें सोडावीं लागलीं हें खरें. छपरें गेलेल्या त्या सरळ गल्ल्यांत चुली, कोनाडे व तुळशीवृंदावनाएवढे दगडी ओटे पाहतांना मुलेंहि हळू बोलूं लागलीं.

सम येथील वाळूच्या टेकड्या शहरापासून चाळीसएक किलोमीटर. वाटेवर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा दिसतात. याच तारांना आपटून माळढोक पक्षी मरतात. आमच्या सोलापुराजवळच्या नान्नजच्या माळावरहि पूर्वी हा पक्षी चांगला दिसत असे. राजस्थानांत त्याला गोडावण म्हणतात, आणि १९८० सालीं स्थापिलेलें येथलें मरु राष्ट्रीय उद्यान हा त्याचा शेवटचा मोठा आसरा. आम्हांस तो दिसला नाहीं.

आतां आमची चूक. मुक्कामाचें ठिकाण ठरवितांना आम्हीं जेवण शाकाहारी का, गरम पाणी मिळेल का, पांघरुणें किती, सारें विचारलें. तंबू नेमके कोठें आहेत व कर्णे किती वाजेपर्यंत वाजतात, हें विचारलें नाहीं. 'वाळूच्या कुशींत' म्हणून छापलेलें तें ठिकाण निघालें हमरस्त्याच्या कडेला, विटांच्या कुंपणाआड. दोन्ही बाजूंस तसलींच दुसरीं, आणि प्रत्येकाचा कर्णा शेजाऱ्याला हरविण्याच्या ईर्षेनें ओरडत असलेला. टेकड्या रस्त्यापलीकडे. उंटावरची फेरी मात्र खरी झाली. उंट प्रथम मागचे पाय उचलतो, हें कोणीं सांगितलें नसल्यामुळें काकू जवळजवळ त्याच्या मानेवर जाऊन पडल्या, आणि उतरेपर्यंत त्यांनीं डोळे उघडले नाहींत. मांगणियार गायकांचें गाणें ऐकावयास मिळेल असें वचन होतें. एक वृद्ध गवई व त्याचा नातू आलेहि, पण दोन पदें होतात न होतात तोंच सिनेमाचीं गाणीं सुरू झालीं आणि ते उठून गेले. मालकाशीं आम्ही भांडलों. पाहुण्यांना हेंच आवडतें, असें तो म्हणाला, आणि भोंवतालच्या टाळ्या ऐकतां तो खोटें बोलत नव्हता.

कर्णे साडेदहाला थांबले. काळोखाचा जो भाग मुलांना हवा होता तो असा दिव्यांत व गोंगाटांत गेला. पोरांची तोंडें उतरलीं होतीं. पुतण्या कोठेंसा गेला होता तो परत आला तेव्हां त्याच्याबरोबर एक उंटगाडी होती. आम्ही सर्व, रजयांसकट, तीत चढलों व रस्त्यापलीकडे दोन टेकड्या ओलांडून उतरलों. तारे तेव्हां पुष्कळ होते; मुलांना मृग, रोहिणी, कृत्तिका दाखवितां दाखवितां पूर्वेकडची वाळूची कड उजळली आणि चंद्र वर आला. पंचांग पांचसात मिनिटांनीं चुकलें, तें जैसलमेर पश्चिमेला असल्यामुळें, असें वहिनींनीं तत्काळ सांगितलें. गवई आणि नातू वाटेंत स्वयंपाकाच्या चुलीजवळ शेकत बसले होते, तेहि मागून आले. कमायचा हें गोल पोटाचें, गजानें वाजवावयाचें वाद्य. त्याचा आवाज दमलेल्या माणसाच्या गळ्यासारखा आहे. लग्नांत मुलीला निरोप देण्याचें तें गाणें होतें, असें त्यानें मागाहून सांगितलें. भाषा फारशी कळली नाहीं. आत्याबाई रजई गुंडाळून बसल्या होत्या. थंडी बाधेल म्हणून दोनदां उठा म्हटलें, त्या उठल्या नाहींत.

परतीच्या गाडींत बंधूंनीं हिशेब मांडला. अपेक्षेपेक्षां खर्च थोडा अधिक झाला, तो उंटगाडी, गवई आणि ओढण्या यांचा. किल्ल्यांतल्या खोल्यांची बुडालेली रक्कम पुतण्यानें आपल्या नांवावर लिहिली होती. ती खोडून आम्हीं वडील मंडळींनीं सारखी वांटून घेतली, आणि आत्याबाईंनीं आपला वाटा सुट्या नाण्यांसकट मोजून दिला.